बोटभर भिंत

परवा सोनीचा फोन आला. सोनी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. गडचिरोलीला असते. चाळिशी उलटून गेली तरी तिला सोनीच म्हणतात सगळे. म्हणाली, "मावशी, घराले एक खोली काढून राह्यलो. पोरीची बारावी आहे नं पुढच्या साली, तिले अभ्यासाले जागाच नाई. तू ये न दोन दिवस. मिस्त्री इचारते दार कुठी काढू, न मले काई सुचत नाई."

येते म्हटलं आणि फोन ठेवला. मग गॅसवर दूध आहे हेही विसरले, ते उतू गेलं. होळी अजून व्हायची आहे, पण चंद्रपूरचं ऊन आतापासूनच अंगावर यायला लागलंय. मी निवृत्त मास्तरीण. मला शब्दांत अडकायची खोड आहे, आणि त्या दिवशी मी 'काढणे' या शब्दात अडकले. आमच्याकडे वाढीव खोली कोणी बांधत नाही, काढतात. जशी काही ती घरातच कुठंतरी होती आणि हात घालून बाहेर काढली. माणसालाही घरातून काढतात. एकाच शब्दात दोन्ही कसं भागतं, याचा मी सोळा-सतरा वर्षांची असल्यापासून विचार करते आहे, आणि अजून काही हाती लागलेलं नाही.

आमचं घर आरमोरीपासून कोसभर अंतरावरच्या खेड्यात होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढं ओसरी, आत दोन खोल्या, मागं सांदवाडीत, म्हणजे परसात, पेरूचं झाड आणि एक विहीर. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी. छप्पन साली तरुणपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, आणि आल्यावर घरातला देव्हारा, पंचांग, ताईत, सगळं एका पोत्यात भरून वैनगंगेत सोडून आलेले. आई सांगायची की त्या दिवशी घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. पुढं माणसं वाढली आणि ते परत लहान झालं. आजोबा ओसरीत खोकायचे, मधल्या खोलीत धानाच्या कणग्या, उरलेल्या जागेत आम्ही सगळे. मी बारावीला होते. पुस्तक घेऊन बसले की कोणाचा तरी पाय पुस्तकाला लागायचाच. दिवाळीनंतर मी हट्टाला पेटले. मला अभ्यासाला वेगळी जागा पाहिजे, नाहीतर परीक्षेलाच बसत नाही. मुलगी बारावीपर्यंत पोचली याचा बाबांना केवढा अभिमान. ते म्हणाले, "काढू खोली. तुह्यासाठीच काढू."

दक्षिणेच्या भिंतीला लागून जागा होती. तिथं चार खांब रोवायचे, घराच्या छपराचाच पाखा खाली ओढून घ्यायचा, तीन बाजूंना बांबूचे ताटवे आणि त्यावर मातीचा लेप. चौथी भिंत घराची आयतीच. काम चैतूभाऊंकडे दिलं. हे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीतले, टोल्यावरचे गोंड गृहस्थ, बांबूच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ओसरीच्या कडेला उकिडवे बसून ते बाबांना म्हणाले, "गुरुजी, चांदणं सरू द्या जी. अंधारी लागली का तोडतो बांबू. उजेडीचा बांबू गोड रायते, त्याले किडा लागते."

माघातला शुद्ध पक्ष चालला होता. थांबायचं म्हणजे पंधरवडा गेला, आणि माझी परीक्षा तोंडावर आलेली. पण बाबा त्यासाठी अडले नाहीत. ते अडले वेगळ्याच गोष्टीवर. "चांदाचा न बांबूचा काय संबंध, चैतूभाऊ? आमी तिथी, मुहूर्त सारं सोडलं. आता मी अंधारी-उजेडी पाहात बसलो तं पोरं काय म्हनन?"

"मुहूर्त नाई म्हनत जी मी," चैतूभाऊ म्हणाले. "बांबूचं म्हनून राह्यलो."

बाबा हसले. मीही हसले. चांगली खुदकन हसले, कारण मला वाटलं आपला बाप किती पुढचा आहे. चैतूभाऊंनी खांद्यावरचं दुपट्टं झटकलं, दुसऱ्या दिवशी भर चांदण्याच्या पंधरवड्यात बांबू तोडून आणला, आणि पुन्हा त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. जंगलातल्या माणसानं बांबूबद्दल सांगितलं आणि आम्ही ते पोथीतलं समजलो. ज्यानं पोत्यात घालून सगळं नदीत सोडलं, त्याला पोत्यात आणखी काय काय गेलं हे कसं कळावं.

खोली उभी राहिली. ओल्या मातीचा आणि हिरव्या बांबूचा वास, मला तो अजून नाकात आठवतो. पाखा खाली ओढल्यामुळं दार बुटकं झालं होतं, आणि ते बाहेरून, अंगणातून होतं. घरातून जायला वाट नव्हती. ती नंतर भिंत फोडून काढू, असं ठरलं होतं. मी माझी पुस्तकं कुठं ठेवायची, कंदील कुठं टांगायचा, सगळं मनाशी ठरवून टाकलं.

जमीन वाळली नव्हती तेवढ्यात बाई आली.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, विशाखा. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. तिला धानोऱ्याकडे दिली होती. एक दिवस दुपारच्या एसटीतून तिचा दीर तिला घेऊन उतरला, हातात ट्रंक, बाईच्या कडेवर अडीच वर्षांची सोनी. ट्रंक ओसरीत ठेवली, पाणीही न पिता म्हणाला, "खोकला हाये जरासा," आणि परतीची एसटी धरून निघून गेला. बाईकडं पाहिलं आणि आई खालीच बसली. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे तेवढे मोठे. औषध सासरी अर्ध्यातच सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबा तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि बाबांना बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि लेकराला आईपासून दूर ठेवायचं. एकदम दूर.

घरात दोन खोल्या, सहा माणसं. दूर म्हणजे कुठं? सगळ्यांच्या डोक्यात एकच उत्तर होतं. ते बोलून दाखवलं मात्र मी, आणि तेही उलट्या बाजूनं. मी आईला विचारलं, "मंग माही खोली?"

हळूच विचारलं होतं, पण मातीच्या घरात हळू काही नसतं. ओसरीतून बाईचा आवाज आला, "आई, तिची परीक्षा होऊ दे. तोवर मी सांदवाडीत पेरूखाली राह्यतो न. ऊन कुठी आलं अजून."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं नाही. नको म्हणाले ते बाबा. त्यांनी ट्रंक उचलली आणि नव्या खोलीत नेऊन ठेवली. उंच माणूस, दारातून जाताना त्यांना कंबरेत वाकावं लागलं.

त्या वर्षीचा उन्हाळा मला वासांनी आठवतो. पहाटे आई मोह वेचायला जायची, सांदवाडीत मोहफुलं वाळत पडलेली, त्यांचा तो गुळचट, डोकं जड करणारा वास. शेणाच्या सारवणाचा वास. बाईच्या इंजेक्शनची सुई उकळायची त्या पातेल्याचा वास. मी शाळेच्या व्हरांड्यात बसून अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि पूर्ण वेळ मनातून बाईवर चिडलेली होते. हे लिहायला जड जातं. पण ती मरेल असं मला वाटतच नव्हतं. मला वाटत होतं तिनं माझी खोली घेतली.

बाईचं ताट वेगळं, गिलास वेगळा. आई जेवण दारात ठेवायची आणि मागं सरायची. गिलासात पाणी वरून ओतायची, गडव्याचा काठ गिलासाला लागू नये म्हणून. हे कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप झालं. एप्रिलमध्ये जयंतीच्या सभेत बाबांचं भाषण असे, दरवर्षी एकच आणि दरवर्षी लोक रडत. लहानपणी विहिरीवर त्यांना ओंजळ करून उभं राहावं लागे आणि वरून पाणी घालणारे लोक तोंड फिरवून ओतत, निम्मं कोपरावरून सांडे, ते सगळं. त्या वर्षीही बोलले. निळ्या झेंड्याखालून आम्ही घरी आलो तेव्हा आई बाईच्या दारात उभी होती आणि वरून पाणी ओतत होती. बाईनं गिलास थोडा उंच धरला होता, सांडू नये म्हणून.

"बाबा, भाषण कसं झालं?" बाईनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच ऐकायचं होतं.

बाबा तसेच आत निघून गेले. त्या दिवशी जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बाईचं पाणी आणि जेवण ते स्वतः नेऊ लागले. त्या बुटक्या दारातून वाकून आत जायचे, गिलास तिच्या हातात द्यायचे, ती पीत असेपर्यंत खाली बसायचे. पण सोनीच्या बाबतीत ते तसूभरही हलले नाहीत. तिला अंगणातून, दहा पावलांवरून दाखवायचे. सोनी हात पुढं करून रडायची आणि आई तिला उचलून आत न्यायची. थोड्या दिवसांनी ती हात पुढं करेनाशी झाली.

मे लागता लागता बांबू बोलायला लागला. दुपारी सगळं निपचित असताना वरून बारीक किरकिर ऐकू यायची, आणि बेसनासारखा पिवळा भुगा पडायचा. बाईच्या गोधडीवर, केसांत, गिलासात. ती वर बघून म्हणायची, "पाह्य वं, हळद पडून राह्यली. बाबा माहं दुसरं लगन लावते." आणि हसायची, आणि हसता हसता खोकला लागला की पाठीचं धनुष्य व्हायचं. आई रोज सूपभर भुगा झाडून काढायची. तो भुगा त्या छातीत गेल्यानं काय झालं असेल, हे मी कोणा डॉक्टरला कधी विचारलं नाही. बाबा छताकडं बघत नसत.

आता कोनाड्याचं. स्वयंपाकाच्या खोलीत, त्याच दक्षिणेच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर एक कोनाडा होता. पूर्वी तिथं मिठाचं मडकं असे. कोनाड्याच्या पाठीला भिंत चारच बोटं जाड. एका दुपारी मी मोहफुलं पालथी करून आत आले तर सोनी कोनाड्यात अर्धी शिरून बसलेली, हात पुढं, गाल मातीला टेकलेला, एकदम गप्प. मी वाकून पाहिलं. पाठीला एक भोक होतं, आणि सोनीचं बोट त्यात होतं. पलीकडून कोणीतरी ते धरलं होतं. बाईनं तिच्या बाजूनं चमच्यानं कोरलं होतं ते.

मी चार-पाच दिवस कोणाला सांगितलं नाही. एवढं एक माझ्या नावावर असू द्या. पण एकदा बाबांनी सोनीला कोनाड्यात पाहिलं. ते ओरडले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "कोनाडाच बुजव. पूर्ण. लेकराच्या छातीत गेलं तं दोघीही जातीन."

आमच्याकडे लिंपणं, सारवणं हे बायकांचं काम. बाबांनी भिंतीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. आईला सांगायची त्यांची हिंमत झाली नसावी. मी माती कालवली, तिच्यात तणस तुडवलं, दगड आणले. कोनाड्यात दगड रचले आणि माती ठोकून बसवली. भोकाशी हात गेला तेव्हा पलीकडून बाई म्हणाली, "सोनी?"

मी मातीचा गोळा दाबला. तिनं पुन्हा विचारलं नाही. कोणाचा हात आहे ते तिला कळलं असणार, लहानपणी तिनंच मला लिंपायला शिकवलं होतं. वरून मी पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरवला. फार छान झालं ते काम, कोनाडा होता असं वाटतही नव्हतं.

बाबा चुकले, असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. सोनी जगली. धडधाकट आहे, तिला एक मुलगी आहे. मी हा हिशेब हजारदा मांडून पाहिला, आणि दर वेळी उत्तर बरोबर येतं, आणि दर वेळी मला त्या उत्तराची शिसारी येते.

तेंदूपत्त्याचा हंगाम सरता सरता बाई गेली. सकाळची वेळ होती. बाबा चहा घेऊन वाकून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी अंगणात होते. आतून कपबशी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, नीट, हळू ठेवल्याचा, आणि मला कळलं.

मृगाआधी छप्पर शाकारायला, कवेलू फेरायला चैतूभाऊ आले. दरवर्षी यायचे. नव्या खोलीच्या पाखावर एक पाय ठेवला आणि काढून घेतला. बांबू बोटानं दाबला तर आत जात होता. "हे उतरवा लागते जी, गुरुजी. पावसात अंगावर यीन." पंधरवडा थांबायला सांगितलं होतं, हे ते बोलले नाहीत. एका दिवसात खोली उतरली. ताटवे पडले, बाज बाहेर काढली, बाजेमागं टांगलेली बाईची जुनी साडी ओढली, आणि चैतूभाऊ हातातलं काम सोडून उभे राहिले.

घराच्या भिंतीत, माझ्या बुजवलेल्या कोनाड्याच्या बरोबर मागं, परातीएवढा खड्डा होता. दगड एकेक सैल करून साडीआड रचलेले, आतली माती खरवडून काढलेली, चमच्याचे ओरखडे सगळीकडं. बाई ती माती पिवळ्या भुग्यात मिसळत असे आणि आई रोज सुपात भरून बाहेर टाकत असे. बाबांनी खड्ड्यात हात घातला आणि तळाला अंगठा टेकवला. जोर दिलाच नाही म्हणा ना. माती गळून पडली आणि पलीकडं चूल दिसली. बोटभर भिंत उरली होती. एका दुपारचं काम.

ती का थांबली? शक्ती संपली, की मुद्दाम थांबली? लेकरासाठी तेवढी भिंत तिनं स्वतःच राखली, आणि तिथं कान लावून सोनीची बडबड ऐकत पडून राहिली? मला ते कळलेलं नाही. बाबा खड्ड्यातून हात काढून एवढंच म्हणाले, "चैतूभाऊ बराबर सांगत होते." पुढं वीस वर्षं जगले, यापलीकडे त्या खोलीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आठवड्यानं माझा निकाल लागला. मी पास झाले. पेढे आणले नाहीत.

सोनी आमच्याकडेच वाढली. तिला आई आजारानं गेली एवढंच माहीत. खोलीचं, कोनाड्याचं कोणी सांगितलं नाही. आई गेली, बाबा गेले, घर पडून तिथं दुसऱ्याचा स्लॅब आला. सांगणारी मी एकटी उरले, आणि मी दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर ढकलत आले.

गडचिरोलीला पोचले तेव्हा काम चालू होतं. नव्या खोलीच्या तीन भिंती विटांच्या वर आलेल्या, चौथी घराची जुनी. मिस्त्री पलीकडं उभा होता. पहारीनं त्यानं जुन्या भिंतीला अंदाजासाठी एक भोक पाडून ठेवलं होतं. सोनीनं मला पाणी दिलं, आणि बोलता बोलता त्या भोकात बोट घालून उभी राहिली. माझं लक्ष गेलेलं बघून तिचं तिलाच हसू आलं.

"माही जुनी सवय, मावशी. भोक दिसलं का बोट जाते. लहानी होतो तवा, आठवते मले, भिंतीतून कोनी माहं बोट धरे. मले वाटे, घरच धरते. मंग एक दिवस घरानं सोडून देलं. मले कितीक दिवस वाटे, आपन काईतरी खराब वागलो असन."

माझ्या हातातला गिलास मी खाली ठेवला.

"घरानं नाई सोडलं, सोनी," मी म्हटलं. "पलीकडं तुही माय होती. न ते भोक मी बुजवलं. ह्या हातानं."

ती माझ्याकडं वळली. बोट भोकातच होतं. तिनं विचारलं, "मंग? तिनं काय केलं?"

"ती कोरतच राह्यली. शेवटपर्यंत." मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "एवढीशीच राह्यली होती भिंत."

पलीकडून मिस्त्रीनं आवाज दिला, "बाई, मंग दाराचं काय? इथी काढू का तिकडं, बाहेरून?"

सोनीनं बोट काढलं नाही. भिंतीला गाल टेकवून म्हणाली, "इथीच काढा, भाऊ."